बाइंडची पायरी हवीच

सॉकेटला स्थानिक पत्ता देणारी ‘बाइंड’ ही पायरी प्रोग्रॅमरच्या माथी मारू नये, ती लायब्ररीने परस्पर उरकावी, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. आज मी नेमकं उलट मानतो. हा बदल कशामुळे झाला ते सांगावंसं वाटतं, कारण आता शिकणाऱ्या अनेकांची या पायरीशी ओळखच होत नाही.

बर्कलेच्या ४.२ बीएसडीमधून १९८३ मध्ये सॉकेटची ही रचना बाहेर आली आणि आजही बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम तीच वापरतात. सर्व्हर लिहायचा तर आधी सॉकेट तयार करा, मग बाइंड, मग लिसन, मग ॲक्सेप्ट. बाइंडसाठी पत्त्याचं वेगळं स्ट्रक्चर भरा, त्यातला पोर्ट नेटवर्कच्या बाइट-क्रमात आणा. ते राहिलं, तर साध्या इंटेल मशीनवर ८०८० मागणारा प्रोग्रॅम ३६८९५ वर जाऊन बसतो आणि कुठलीही तक्रार करत नाही. क्लायंटला मात्र बाइंड करावं लागत नाही. त्याने थेट कनेक्ट म्हटलं की कर्नल स्थानिक पत्ता आणि पोर्ट स्वतः निवडतो. मग सर्व्हरनेच हा व्याप का करावा? ‘गो’ भाषेत एका ओळीत सर्व्हर ऐकायला लागतो, तेव्हा मला वाटलं, हेच पहिल्यापासून असायला हवं होतं.

मत डळमळलं ते सॉकेट आणि बाइंड यांच्या मधल्या मोकळ्या जागेमुळे. टीसीपीमध्ये जी बाजू आधी कनेक्शन बंद करते, तिच्याकडे ते काही काळ ‘टाइम-वेट’ अवस्थेत राहतं. लिनक्सवर ६० सेकंद. तेवढ्यात सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर बाइंड ‘पत्ता वापरात आहे’ म्हणून नकार देऊ शकतं. त्यावरचा रीयूज-ॲड्रेस हा पर्याय सॉकेट तयार झाल्यावर, पण बाइंडच्या आधी लावायचा असतो. एकच पोर्ट अनेक प्रोसेसना वाटून देणारा रीयूज-पोर्ट लिनक्समध्ये २०१३ मध्ये आला, त्याचीही जागा तीच. खुद्द ‘गो’ने २०१८ मध्ये १.११ आवृत्तीत या दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रोग्रॅमरचा कोड चालवण्याची सोय दिली. एकत्र केलेल्या पायऱ्या तिलाही पुन्हा सुट्या कराव्या लागल्या.

दुसरी गोष्ट अधिकाराची. युनिक्समध्ये १०२४ खालचे पोर्ट परंपरेने फक्त रूटला मिळतात. म्हणून वेब सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो, ८० क्रमांकावर बाइंड करतो आणि लगेच तो अधिकार सोडून साध्या युजरच्या नावाने काम करू लागतो. पोर्टचा ताबा नेमका कधी घेतला हे प्रोग्रॅमरला ठाऊक असतं, म्हणूनच त्यानंतर अधिकार सोडता येतो.

माझं मत पूर्ण फिरवलं ते मात्र पत्त्याने. १२७.०.०.१ वर बाइंड केलेला सर्व्हर फक्त त्याच मशीनवरून गाठता येतो. ०.०.०.० वर बाइंड केला, की मशीनच्या प्रत्येक नेटवर्कवर तो ऐकू लागतो. वर सांगितलेल्या ‘गो’च्या त्या एका ओळीत फक्त पोर्ट लिहिला, तर यातला दुसरा पर्याय लागू होतो आणि पत्ता निवडला गेला हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. असं नकळत उघडं राहणं महागात पडू शकतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. हल्लेखोरांनी त्यासाठी इंटरनेटवर उघडे पडलेले मेमकॅशडी सर्व्हर वापरले. हा प्रोग्रॅम आतल्या विश्वासातल्या नेटवर्कसाठी बनवलेला. पण काही सांगितलं नाही, तर तो सगळ्या पत्त्यांवर ऐकत असे आणि यूडीपीही चालू असे. नव्या आवृत्तीत यूडीपी मुळातच बंद ठेवण्यात आलं. मोंगोडीबी या डेटाबेसनेही ३.६ आवृत्तीपासून, पत्ता सांगितला नसेल तर, फक्त लोकलहोस्टवर बाइंड करायचं ठरवलं. पोस्टग्रेसची मूळ सेटिंगही लोकलहोस्टचीच आहे.

बाइट-क्रमाची कटकट लायब्ररीने झाकावी, हे मी आजही म्हणतो. त्यात ठरवण्यासारखं काही नाही. पण आपला प्रोग्रॅम कुणाला गाठता यावा, हा निर्णय आहे. तो लिहिणाऱ्याने जाणीवपूर्वक घ्यायला हवा आणि बाइंड त्याला तो घ्यायला लावतं.

म्हणून नव्याने सर्व्हर लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पत्ता रिकामा सोडू नका. आधी १२७.०.०.१ लिहा आणि गरज सिद्ध झाल्यावरच दार मोठं करा. चाचणीसाठी पोर्ट शून्य द्या, कर्नल मोकळा पोर्ट देईल आणि तो कोणता हे ‘गेटसॉकनेम’ सांगेल. आणि एकदा तरी बाइंड स्वतःच्या हाताने लिहून पाहा.