शिबिराला कोण जाणार?

एप्रिल उजाडला की सकाळच्या वर्तमानपत्रातून रंगीत पत्रकं घरात पडू लागतात. पूर्वी ती पोहण्याची, हस्ताक्षराची आणि संस्कारवर्गाची असत. हल्ली त्यांत रोबो, कोडिंग, इलेक्ट्रॉनिक्स यांच्या शिबिरांची भर पडली आहे. 'तुमच्या मुलाला घडवा उद्याचा इंजिनीयर!' असा वर मोठ्या अक्षरांत मथळा. 'मुलाला', बरं का!

आठ दिवसांत कुणी इंजिनीयर होत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आठ दिवसांत पोळीसुद्धा गोल येत नाही! मग या शिबिरांत मुलं करतात तरी काय? आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधतात. चार काड्यांचा चौकोन बोटानं ढकलला की कलतो. आत एक तिरकी काडी चिकटवली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो जागचा हलत नाही. माळ्याखालच्या लोखंडी रॅकला पाठीमागे फुलीसारख्या पट्ट्या असतात ना, त्या याचसाठी.

कॉम्प्युटरवर 'स्क्रॅच' शिकवतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं २००७ साली ती मुलांसाठी खुली केली. पैसे पडत नाहीत. पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे की मांजर चालू लागतं. ऐकायला अवघड वाटतं. पण आपण रोज सकाळी हेच करतो. 'गोळे संपेपर्यंत लाट, भाज, डब्यात ठेव' ही जशी पोळ्यांची सूचना, तशीच कॉम्प्युटरला द्यायची. फरक एवढाच, की 'मीठ चवीनुसार' म्हटलेलं त्याला कळत नाही. किती, केव्हा, कुठं थांबायचं, सगळं नेमकं सांगावं लागतं. नेमकं बोलायची ही सवय अंगी लागली, तरी फी वसूल झाली म्हणायची!

आमच्या घरी गेल्या वर्षी प्रश्न फीचाच आला. मुलगा आठवीत, मुलगी सहावीत. दोघांनाही जायचं होतं आणि पैसे एकाचेच होते. "त्याचं दहावीचं वर्ष जवळ आलंय, त्याला पाठवू. ती लहान आहे अजून," असं ह्यांनी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला मेंदीच्या वर्गाला घाल. पुढं उपयोगी पडेल." यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण घरातली बॅटरी बंद पडली की ती उघडून आतली स्प्रिंग घासूनपुसून पुन्हा पेटवते, ती मुलगीच. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या महिन्याच्या पगारातून गॅलरीला जाळी बसवायची होती. म्हटलं, राहू दे जाळी. कबुतरांना आणखी एक वर्ष राहता येईल! दोघंही गेली.

तिसऱ्या दिवशी मी लेकीला विचारलं, "आज काय केलंस गं?"

"लिहिलं."

"म्हणजे?"

"आमच्या गटात मुलगे तारा जोडतात. माझं अक्षर चांगलं आहे ना, म्हणून वही माझ्याकडे."

वीस मुलांत मुली होत्या तीन आणि तिघींच्याही हाती वह्याच होत्या! दुसऱ्या दिवशी मी तिथल्या सरांना भेटले. भांडायला नव्हे हं. एवढंच म्हटलं, "वहीची आणि हत्यारांची पाळी लावता येईल का?" तरुण होते बिचारे, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी लगेच पाळ्या लावल्या. संध्याकाळी लेक बोटाच्या टोकाला सोल्डरिंगचा बारीकसा चटका घेऊन आली आणि तो चटका सगळ्या आळीला दाखवत फिरली. पुढच्या दोन दिवसांत वही सांभाळायची पाळी चिरंजीवांवरही आली. त्याची कुरकुर झाली थोडी.

ही वही हातात देण्याची रीत जुनीच आहे. अमेरिकेत एनिॲक नावाचा अवाढव्य संगणक तयार झाला, त्याच्यावर गणितं कशी चालवायची हे ठरवणाऱ्या सहा तरुणी होत्या. १९४६ साली ते यंत्र जगापुढे आलं, तेव्हा त्यांचं नावही धड कुणी घेतलं नाही. आपल्याकडे ए. ललिता यांनी १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून विजेच्या इंजिनीयरिंगची पदवी घेतली. अठराव्या वर्षी वैधव्य आलेलं, पदरात तान्ही मुलगी. त्यांचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. ते लेकीच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून दार उघडलं.

तेव्हा मैत्रिणींनो, फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचारा. एका संचावर किती मुलं बसतात? चारांपेक्षा जास्त असतील तर निम्मी नुसती बघत बसतात. मूल केलेली वस्तू स्वतःच्या हातानं उघडून पुन्हा जोडतं, की सर जोडून देतात? आणि हत्यारं सगळ्यांच्या हाती येतात का? महागड्या शिबिराचा हट्ट नको. नीती आयोगानं २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभरच्या शाळांत दहा हजारांहून अधिक 'अटल टिंकरिंग लॅब' उभ्या केल्या आहेत. तुमच्या मुलांच्या शाळेत ती असेल तर तिथं मुली जातात का, याची मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. काहीच नसलं, तर एक बिघडलेली बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर घरात असतोच.

आणि यंदा फॉर्मवर नाव घालण्याआधी घरातल्या मुलीलाही विचारा. ती नको म्हणाली तर नको. मेंदीला जायचं म्हणाली तर आनंदानं पाठवा. पण तिला विचारायचं मात्र विसरू नका.