राखणदार कोण, चोर कोण?

मुलांनो, या वेळी आपण किल्ला पाहायला नाही, देऊळ पाहायला नाही, तर चक्क एका भाजीच्या मळ्यात जाणार आहोत. बरोबर पाण्याची बाटली, वही-पेन्सिल आणि एक भिंग घ्या. भिंग नसेल तरी चालेल. डोळे मात्र घरी विसरू नका!

पुण्याहून हडपसरमार्गे निघालं की दिवे घाट लागतो. घाट चढून वर आलं की पुरंदर तालुका सुरू होतो. सासवड मागे टाकायचं, कऱ्हा नदीच्या कडेकडेने थोडं पुढे जायचं. अंजीर, सीताफळ आणि वाटाणा यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात इथली सकाळ अशी गार असते, की बोटं खिशातून बाहेर काढवत नाहीत. इथल्याच एका लहान गावात मी शिक्षिका आहे. शाळेच्या मागच्या शिवारात आबांचा मळा आहे.

पण मळ्यात शिरण्याआधी मला तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. ती माझ्या चुकीची आहे.

आमच्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग आहे. तिथे मुलांनी वालाचा वेल लावला होता. एके दिवशी पाहतो तर काय, कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटलेला! मावा म्हणजे रस शोषणारे बारीक बारीक किडे. त्या माव्यातच करड्या-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. दिसायला अगदी इवल्या मगरी! मला वाटलं, हेच मोठे शत्रू. मी हुकूम सोडला, "उचला एकेक आणि टाका साबणाच्या पाण्यात!"

मुलं कामाला लागली. तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ही पान खात नाहीये."

मी घाईत होते. म्हटलं, "खात नसली तरी कीडच ती. उचल." तिने उचलली.

आठवड्याभरात वेलाची दशा झाली. शेंडे वाकडे झाले, पानं चिकट झाली, त्यावर काळी बुरशी चढली. आबा पाहायला आले. साबणाच्या पाण्याचा डबा त्यांनी वाकवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही राखणदार मारलेत आणि चोर ठेवलेत."

त्या अळ्या होत्या ढालकिड्यांच्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोलमटोल लेडीबर्ड भुंगेरा तुम्ही पाहिला असेल. त्याचंच हे बाळपण. अंडं, अळी, कोष आणि मग भुंगेरा. अळी आणि भुंगेरा दोघंही मावा मटकावतात. मी मात्र मुलांकडून त्यांचीच कत्तल करवली होती! म्हणूनच मी सगळी मुलं घेऊन आबांच्या मळ्यात गेले. आता तुम्हीही चला.

हा पाहा टोमॅटोचा वाफा. सोळा ओळी टोमॅटोच्या, मग एक ओळ झेंडूची. शोभेसाठी नाही बरं का! फळ पोखरणाऱ्या अळीच्या मादी पतंगाला अंडी घालायला झेंडू फार आवडतो. ती तिकडे गेली की टोमॅटो वाचतो. कोबीच्या कडेला मोहरी लावली आहे तीही याचसाठी. अशा पिकाला सापळा पीक म्हणतात.

पुढे वांगी. काही शेंडे माना टाकून बसलेत, दिसले? पाणी कमी पडलं म्हणून नाही. आबांनी एक शेंडा उभा चिरून दाखवला. आत फिकट गुलाबी अळी! शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी आतच लपते, म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. आबा असे शेंडे कापून नष्ट करतात. शिवाय शेतात कामगंध सापळे टांगलेत. मादी पतंगासारखा वास त्यातून येतो आणि नर पतंग फसून आत शिरतात.

आता भिंग काढा. या पानावर केसासारखे बारीक दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक पांढुरकं अंडं. ही क्रायसोपाची अंडी. त्याची अळी इतकी खादाड, की तिला माव्याचा सिंह म्हणतात. फुलावर स्थिर तरंगणारी ती पट्ट्यापट्ट्यांची माशी पाहा. मधमाशी वाटली ना? ही सिरफिड माशी. हिला नांगी नसते, आणि हिच्या अळ्याही माव्यावरच जगतात. बांधावर हात जोडून बसलेला तो हिरवा प्रार्थना कीटक. काही जण त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. जेजुरी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे मुलांना हे नाव भलतंच आवडलं!

सगळ्यात लहान मित्र मात्र भिंगातूनही जेमतेम दिसतो. ट्रायकोग्रामा नावाची ही गांधीलमाशीची दूरची बहीण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती पतंगांच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून पिकाची अळी बाहेर येतच नाही. प्रयोगशाळेत हे कीटक वाढवतात. पोस्टकार्डासारख्या एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात. शेतकरी त्या कार्डाचे तुकडे पानांना टाचतात.

एका मुलाने विचारलं, "आबा, मग सरळ जहाल औषध मारलं तर? सगळं एकदम साफ!"

आबा म्हणाले, "पूर्वी मीही तेच करायचो. पण औषधाला चोर-शिपाई कळत नाही रे. दोघंही मरतात. मग चोराची पिल्लं आधी वाढतात."

हे खरं आहे. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतात. ढालकिड्याला वाढायला त्याहून जास्त दिवस लागतात. शिवाय मधमाश्या मेल्या तर भोपळ्याच्या मादी फुलावर पराग कोण नेणार? फुलं येतील, भोपळे नाहीत. आबा म्हणूनच आधी निंबोळी अर्क वापरतात. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळायची आणि पाणी घालून शंभर लिटर करायचं. तोही गरज असेल तरच आणि संध्याकाळी. बांधावरची रानफुलं, फुलावर सोडलेली बडीशेप आणि कोथिंबीर ते काढत नाहीत. मित्रकिडींना तिथे मध आणि आसरा मिळतो.

एवढ्यात वांग्याच्या पानावर ठिपकेवाला भुंगेरा दिसला. मुलं ओरडली, "मित्र! मित्र!" आबा हसले. "ठिपके नका बघू, पान बघा." पानाची नुसती जाळी झाली होती! हा एपिलॅक्ना भुंगेरा. ढालकिड्याच्याच कुळातला, पाठीवर अठ्ठावीस ठिपके, पण मावा सोडून वांग्याचं पान खाणारा. म्हणजे तोंडावरून ओळखायला गेलात तर फसाल. तो काय खातो, ते बघायचं.

आणि मला ती तिसरीतली मुलगी आठवली. तिने नेमकं तेच पाहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं. चूक माझी." वर्ग अगदी चिडीचूप. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाई, परत वाल लावू या?"

आम्ही लावला. मावा पुन्हा आला, आणि काही दिवसांनी त्याच्यामागून त्या इवल्या मगरीही आल्या. आता आमच्या परसबागेत एक नियम आहे. कोणताही किडा मारण्याआधी पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचं आणि तो काय करतो ते वहीत लिहायचं.

तुमच्या अंगणात नाहीतर गॅलरीत मिरची, कढीपत्ता, जास्वंद असेलच. आई-बाबांनाही बोलवा आणि पाच मिनिटं बघा. मात्र औषध मारलेल्या शेतात जाऊ नका आणि अनोळखी किड्याला हात लावू नका. आणि हो, आमच्या वालाला शेंगा लागल्या आहेत. पहिली शेंग कोणी तोडली, हे तुम्ही ओळखलंच असेल!