वन्संचा खुबा

रविवार, ९ जुलै २०२३. दासवे, लवासा
पहाटे वन्सं न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. उजवा पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय. खुबा मोडल्याचीच ही लक्षणं. अॅम्ब्युलन्स आली, पण टेमघरच्या घाटात धुकं आणि पाऊस. खड्डा आला की वन्सं माझं मनगट आवळायच्या. पिरंगुटला पोचेतो दिवस चांगलाच वर आला होता.

१० जुलै. पुणे
मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलंय, आत सळी घालावी लागेल. वय ७८, म्हणून हृदयाचा इकोही झाला. हे म्हणाले, "अशक्त आहे ती, चार दिवस थांबूया का?" भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काका, पडून राहिल्या तर आहे ती ताकदही जाईल." इंग्लंडात ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असा दंडक आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'हिप अटॅक' चाचणीत भारतासह १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. काही तासांतच शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, मात्र बरळणं कमी झालं आणि माणसं लवकर उभी राहिली.

११ जुलै
कमरेखाली भूल देऊन शस्त्रक्रिया पार पडली. रात्री वन्सं साताऱ्याच्या वाड्यात होत्या, मला "कळशी विहिरीवरच राहिली गं" म्हणत होत्या. नर्सने चष्मा आणि कानाचं यंत्र लावायला सांगितलं. हळूहळू मला ओळखू लागल्या.

१२ जुलै
वॉकर धरून उभ्या राहिल्या. फोटोत सळी झकास बसलीय, त्यावर सगळे खूश. वन्संचा प्रश्न एकच: "संडासला माझी मी कधी जाईन?"

१७ जुलै
उद्या घरी. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी चार-पाचांत एक वर्षभरात दगावतो, असं परदेशांतल्या नोंदी सांगतात. न्यूमोनिया, रक्ताची गुठळी, थकलेलं हृदय ही कारणं मोठी. म्हणून व्यायाम, प्रथिनं आणि चालणं.

वन्संचं मनगट पूर्वी मोडलं होतं. तेव्हा प्लास्टर निघालं आणि विषय संपला, हाडांची घनता कुणी तपासली नाही. आता 'ड' जीवनसत्त्व भरून काढून वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिड द्यायचं आहे. खुबा मोडलेल्यांवरच्या २००७ च्या चाचणीत त्याने मृत्यू २८ टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर हाडांची तपासणी तेव्हाच व्हायला हवी. परवा माझीही करून घेतेय.