टेबलावरची मोटर

मुरबाड-शहापूरकडचा भाजीपाला घेऊन कल्याणच्या बाजार समितीत जाणारे तुमच्यापैकी पुष्कळजण असतील. माल उतरला, पट्टी हातात पडली की आपण माघारी वळतो. एखाद्या खेपेला मात्र सवड काढा आणि ठाणे ते कल्याण लोकलने फिरून या. विजेच्या मोटरीला माणसाने कसे ताब्यात ठेवले, ते या वीस किलोमीटरांत पाहायला मिळते.

ठाण्याला पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी आली, ती वाफेची. विजेची गाडी मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी कुर्ल्यापर्यंत धावली. पुढे तारा कल्याणवरून घाटापर्यंत गेल्या. रेल्वेला वीज पुरवायला ठाकुर्लीत खास वीजघर होते, ते बंद होऊनही आता बरीच वर्षे झाली. जुन्या लोकल 1500 व्होल्टच्या डीसी विजेवर चालत. मोटरीच्या वाटेत लोखंडी रोध घातलेले असत आणि वेग वाढवताना ते एकेक करून वगळले जात. गाडी हिसके देत सुटे आणि तेवढ्या वेळात पुष्कळ वीज नुसती तापण्यात जाई. मध्य रेल्वेच्या लोकलची ही डीसी व्यवस्था 2016 साली संपली. आजची लोकल अलगद सरकते, कारण रोधांची जागा इलेक्ट्रॉनिक स्विचांनी घेतली आहे.

बॅटरीच्या गाडीतला कंट्रोलर हा त्याच जातीचा. पाटाचे दार सारखे उघडझाप केले तर वाफ्यात पाणी कमीजास्त जाते ना? तसा हा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि मोटरीला हवी तेवढीच वीज सोडतो.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका गाळ्यात असा कंट्रोलर घरी बनवणारा तरुण मला भेटला. गाडी त्याच्या मामांची, शेतातून सडकेपर्यंत भाजी आणायला. चालवणार होत्या मामी. मी म्हटले, "बसव की गाडीवर आणि बघ चालवून." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बियाणे न तपासता पेरू देता का?" यावर मी काय बोलणार? ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण मोजायला गावोगाव शिकवण्यात माझी नोकरी गेली.

मोटर त्याने टेबलाला पट्ट्यांनी घट्ट आवळली होती, कारण एकदम वीज मिळाली की ती उडी घेते. 48 व्होल्टची बॅटरी बाजूला ठेवून आधी 12 व्होल्टची जोडली, तीही मध्ये हेडलाइटचा बल्ब घालून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि कंट्रोलर वाचतो. ही युक्ती स्वस्त आणि फार चांगली. मग एक डायोड दाखवला. चालू पंपाचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइप दणाणतो, हे तुम्ही अनुभवले असेल. मोटरीतली वीजही अशीच उसळते. तिला फिरून जायला हा डायोड वाट देतो. तो नसला तर स्विच जळतो. आणि हा स्विच जळताना बहुधा जोडलेलाच राहतो, म्हणजे मूठ सोडली तरी गाडी भरधाव! म्हणून फ्यूज आणि हाताशी मोठा तोडस्विच असल्याशिवाय त्याने 48 व्होल्ट जोडले नाहीत.

मोकळी मोटर फिरली म्हणून काम झाले, असे नाही. बैल रिकाम्या गाडीला जुंपून त्याची ताकद कळत नाही. त्याने पट्ट्याने दुसरी मोटर जोडली, तिच्यातून निघालेल्या विजेवर बल्ब लावले आणि बल्ब वाढवत ओझे वाढवले. अर्धा तास तसेच चालवून कंट्रोलरची ॲल्युमिनियमची पाठ किती तापते ते पाहिले. तापमान बेताचे होते.

असले प्रयोग शहरातच होतात असे नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेच्या सायकलरिक्षावर फार पूर्वीच काम केले आहे. मात्र घरी बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर आधी आरटीओ कार्यालयात विचारावे. शेतातली वाट वेगळी आणि सडक वेगळी.

शेवटी त्याने मुठीच्या तीन तारांपैकी काळी तार मुद्दाम उपसली. शेतात उंदीर तार कुरतडतो, खड्ड्यात हिसक्याने तार निसटते. अशा वेळी मोटर थांबायला हवी. ती थांबली नाही, उलट पूर्ण वेगाने घोंघावली. त्याने तोडस्विच मारला. काळी तार तुटली की मुठीचा व्होल्टेज एकदम वर चढतो आणि कंट्रोलरला वाटते, कोणी मूठ पूर्ण पिळली आहे. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर मोटर बंदच ठेवायची, एवढी दुरुस्ती त्याला करायची होती.

हात पुसून त्याने फोन लावला. "मामी, गाडी रविवारी नाही येत. अजून एक तार माझं ऐकत नाही."