शेजाऱ्याचा पराभव

परक्यास जिंकल्याचा आनंद मोठा कीं शेजाऱ्यास जिंकल्याचा, असा प्रश्न कोणी केला, तर पहिल्या पक्षाच्या बाजूनें देशाभिमान, इतिहास इत्यादि बडे साक्षीदार उभे राहतील. तरीहि आमचें मत दुसऱ्या पक्षाला आहे. तें फारसें उदात्त नाहीं, हें आम्ही जाणतों. पण आनंदाला उदात्तपणाची अट घातली, तर जगांत आनंद फारच थोडा उरेल.

आमचा जन्म माटुंग्याचा आणि आजोळ शिवाजी पार्कचें. मुंबईचें क्रिकेट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस एवढ्यावरूनच आमच्या घरांतील कलहाची कल्पना येईल. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना हे त्या काळचे हाडवैरी. (दादर युनियनचें मैदान दादरला नसून माटुंग्याला, पण नांवांच्या बाबतींत असें चालावयाचेंच.) दोन मैदानांमध्यें अंतर पायीं अर्ध्या तासाचें, आणि मध्यें रेल्वेचे दोन मार्ग. अलीकडे माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर. पलीकडे अजित वाडेकर, संदीप पाटील, पद्माकर शिवलकर. आमचे वडील अलीकडचे, मामा पलीकडचे, आणि आई तटस्थ, म्हणजे दोघांनाहि चहा देणारी.

गांठ पडे ती बहुधा कांगा लीगमध्यें. १९४८ सालीं सुरू झालेली ही स्पर्धा ऐन पावसाळ्यांत खेळली जाई. खेळपट्टी उघडी आणि ओली, गवत वाढलेलें, चेंडू कधीं उसळेल व कधीं रुतून बसेल याचा नेम नाहीं. कसोटी गाजविलेले वीर रविवारीं त्या चिखलांत उतरत, आणि मैदानाच्या कडेनें छत्र्यांची रांग लागे. त्या रांगेंत आम्ही वडिलांच्या छत्रीखालीं उभे असूं.

दादर युनियन जिंकली, कीं आम्ही घरीं न जातां थेट आजोळीं जात असूं. निमित्त आजीला भेटण्याचें. मामा वर्तमानपत्रांत डोकें खुपसून बसलेले असत. ते कांहीं विचारीत नसत व आम्ही कांहीं सांगत नसूं. त्या मौनाची गोडी कोणत्याहि ढालीला येणार नाहीं. शेवटीं आजीच भोळेपणानें विचारी, "काय रे, आज एवढा खुशींत?" मग मामा पानामागून खेळपट्टीविषयीं आणि पंचांच्या दृष्टीविषयीं चार शब्द बोलत, आणि आमचें सारें सार्थक होई. याची परतफेडहि होत असे. शिवाजी पार्क जिंकलें, कीं त्याच संध्याकाळीं मामा गरम बटाटेवडे घेऊन आमच्या दारीं हजर! वडे घशाखालीं उतरत नसत. पण खावे लागत.

न्यूयॉर्कांत २००० सालीं यांकीज आणि मेट्स या एकाच शहरांतील दोन बेसबॉल-संघांची अजिंक्यपदासाठीं गांठ पडली. तेव्हां अर्धें शहर उरलेल्या अर्ध्याशीं कसें वागलें असेल, हें समजण्यास आम्हांस बेसबॉलचे नियम शिकावे लागले नाहींत.

परका हरतो आणि विमानांत बसून निघून जातो. शेजारी हरून दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूध आणतांना भेटतो. शिवाय हें वैर हंगामी असे. पावसाळा सरला, कीं हेच वैरी एकत्र होऊन मुंबईकडून खेळत. मुंबईनें लागोपाठ १५ वर्षें रणजी करंडक जिंकला. त्यांतील शेवटच्या, १९७२-७३ च्या अंतिम सामन्यांत चेपॉकवर शिवलकरांनीं १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले. हे आंकडे आमचे वडील स्वतःच्या पगारासारखे अभिमानानें सांगत. जुलै उजाडला, कीं त्याच शिवलकरांना ताप यावा अशी इच्छा करीत.

नेरूळला राहावयास येऊन आम्हांस आतां वीस वर्षें झालीं. घरापासून जवळच्या मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजीं हरमनप्रीत कौरच्या संघानें दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे पांच बळी. मध्यरात्रीं फटाक्यांनीं आकाश उजळलें आणि आमचेहि डोळे भरून आले. पण सकाळीं उठून जावें कोणाकडे? दक्षिण आफ्रिकेंत आमचा मामा नाहीं. आणि १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें आंखून दिलेल्या या शहरांत सेक्टरांना क्रमांक आहेत, उद्यानें आहेत, रस्ते रुंद आहेत. एका सेक्टरानें दुसऱ्याला हरविल्यामुळें कोणाची झोंप उडाल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं. वैर मुरावयास दोन पिढ्या तरी लागतात.

त्याच वर्षीं ३ मार्चला शिवलकर गेले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेऊनहि बेदींच्या काळांत जन्मल्यामुळें एकहि कसोटी न मिळालेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. त्यांच्या हातीं चेंडू गेला, कीं लहानपणीं आमच्या पोटांत गोळा येई. त्यांचा टप्पा चुकावा म्हणून आम्ही देवाला साकडें घालीत असूं. देव बहुधा शिवाजी पार्कचा असल्यामुळें तें मान्य होत नसे. बातमी वाचून घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें. आपल्या वीरांना आम्ही गृहीतच धरलें होतें. यांच्यावर मात्र जन्मभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलें होतें.

आम्ही मामांना फोन केला. ते आतां पंचाऐंशीच्या घरांत आहेत आणि कानानें अधू आहेत. बातमी त्यांना कळलेली होती. आम्ही दोन शब्द बोललों असूं-नसूं, तोंच ते म्हणाले, "तुला रे काय त्याचें? तू दादर युनियनचा!"

आम्ही गप्प राहिलों. थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, "रविवारीं येतोस का? वडे मागवून ठेवतों."