न दुखणारे पाय

धर्मग्रामस्थांचे चेहरे आम्ही रोज पाहतो. त्यांचे पाय मात्र वर्षातून एकदाच, पवित्र गुरुवारी. त्या संध्याकाळी बाकावर बसणारे बाराही जण घरूनच पाय घासून आलेले असतात, त्यामुळे धुण्याजोगे फारसे उरत नाही. पाहण्याजोगे मात्र पुष्कळ असते. वाडीत जन्म काढलेल्या शेतकऱ्याच्या टाचांच्या भेगा, पाटाच्या पाण्याने बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, मुंबईला नोकरीस जाणाऱ्याच्या बुटांनी दिलेली कुरुपे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी स्त्रियांनाही खुला केल्यापासून, डोक्यावर भाजीच्या पाट्या वाहून पसरलेली पावलेही आमच्या हाती येऊ लागली आहेत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी एका साठीच्या गृहस्थांचा डावा तळवा पुसताना अंगठ्याच्या बुडाशी आमच्या बोटांना खळगा लागला. भोवतीची कातडी जाड झाली होती, मध्ये रुपयाएवढी जखम होती. पंचावर ओलसर डाग उतरला. आम्ही चमकून वर पाहिले. ते प्रसन्न हसत होते. गायनवृंद गात होता, पुढचे पाऊल वाट पाहत होते. मिस्सा संपल्यावर विचारू, असे म्हणून आम्ही पुढे सरकलो आणि रात्रीच्या आराधनेच्या धावपळीत ते विसरून गेलो.

दोन आठवड्यांनी ते इस्पितळात असल्याचा निरोप आला. विष हाडापर्यंत भिनले होते. अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. आम्ही भेटीस गेलो, तेव्हा तेच आमचे सांत्वन करू लागले. “फादर, दुखलं असतं तर मीच दाखवलं असतं की!” जखम आम्ही पाहिली होती, हे त्यांना सांगणे आम्हांस फार जड गेले. ते सांगितले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले.

दुखत नव्हते, हेच त्यांचे दुखणे होते. जुना मधुमेह पायाचे मज्जातंतू हळूहळू बधिर करतो आणि रक्तपुरवठाही मंदावतो. खडा रुततो, चपलेचा खिळा टोचतो, पण वर्दी पोहोचत नाही. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या संत डेमियन यांनी १८८४ साली कढत पाण्यात पाय बुडवला. फोड आले, पण वेदना झाली नाही. तेव्हा आपल्यालाही तो रोग जडल्याचे त्यांना उमगले. पुढे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोगात बोटे झडतात ती मुख्यतः बधिर अवयवास नकळत होणाऱ्या इजांमुळे. तोच धडा मधुमेहींच्या पायांनाही लागू पडला.

वेदनेचा पहारेकरी झोपला, तर त्याची पाळी डोळ्यांनी करावयाची असते. म्हणून मधुमेहीने वर्षातून निदान एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. बधिरपणा आलेला असल्यास अधिक वेळा. तपासणी काही मिनिटांची. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून डॉक्टर मिटल्या डोळ्यांच्या रुग्णाला ‘कळले का?’ असे विचारतात, पावलावरची व घोट्यामागची नाडी पाहतात, बेचक्या उघडतात, चपलाही पाहतात. यात सुई नाही की वेदना नाही.

मुलांचे पाय निराळ्या कारणाने मुके असतात. त्यांना सांगताच येत नाही. जन्मतः आत वळलेले पाऊल ‘मोठेपणी सरळ होईल’ म्हणून ठेवून देऊ नये. डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत, तान्हेपणीच ते बहुधा सरळ होते. मात्र पुढे काही वर्षे रात्री पट्ट्यांचे बूट घालावे लागतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी व उपचार समाविष्ट आहेत. उलट, लहानग्याचे सपाट तळवे पाहून घाबरण्याचे कारण नाही. बहुतेकांना वयाबरोबर कमान येते. पण मूल लंगडत असेल, पाय दुखतो म्हणत असेल वा पाऊल ताठ असेल, तर दाखवावे. शाळेचे बूटही अधूनमधून चाचपावेत. बोटांपुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

आता आम्हांलाही मधुमेह आहे. रोज रात्री प्रार्थना आटोपल्यावर जमिनीवर आरसा ठेवून आम्ही तळवे न्याहाळतो.

यंदाच्या पवित्र गुरुवारी ते गृहस्थ पुन्हा बाकावर बसले होते. आम्ही त्यांचे तीन बोटांचे पाऊल धुतले, पुसले आणि तळवा उचलून दिव्याकडे धरला. गायनवृंदाचे गीत संपले तरी आम्ही पाहतच होतो. ते वाकून हळूच म्हणाले, “फादर, सकाळीच सूनबाईनं पाहिलाय. तुम्ही पुढं व्हा.”