खोडलेली ओळ

आम्ही दोघे नवरा-बायको एकाच हायस्कूलमध्ये शिकवतो. एकाकडे मराठी, दुसरीकडे संगणक. वर्षानुवर्षे आम्ही मुलांना गटाने करायचे प्रकल्प देत आलो आणि दरवर्षी तेच पाहत आलो. गट पाच जणांचा, लिहिणारी एक, आणि तक्त्यावर नावे पाचांची. सजावट बहुधा कोणाच्या तरी आपाने किंवा अम्मीने केलेली. गुण मात्र सर्वांना सारखे. यात अन्याय आहे हे कळत होते, पण कोणी किती केले हे पाहायचे कसे, ते कळत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या वर्गासाठी विकी सुरू केला. विकी म्हणजे सर्वांनी मिळून लिहावे आणि एकमेकांचे दुरुस्त करावे अशी संगणकावरची पाने. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिला विकी तयार केला. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. पुढे २००१ मध्ये विकिपीडिया आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच रीतीने. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते मीडियाविकी मोफत मिळते. ते आम्ही शाळेतल्या एका संगणकावर बसवले आणि बाकीचे सात त्याला जोडले. इंटरनेट लागले नाही आणि मुलांचे लिखाण शाळेबाहेरही गेले नाही. प्रत्येकाला स्वतःचे सदस्यनाव दिले. प्रत्येक लेखाला एक चर्चेचे पान असते आणि एक इतिहासाचे. कोणी, कधी, काय लिहिले नि काय खोडले, ते सारे इतिहासात राहते.

एका गटाने विषय घेतला फातिमा शेख. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने त्यांची जन्मतारीख लिहिली, ९ जानेवारी १८३१. दुसऱ्या दिवशी गटातल्या मुलाने ती ओळ काढली आणि कारण दिले, 'पुरावा कुठे आहे?' मुलगी रडवेली होऊन आली. "मॅडम, सगळीकडे हीच तारीख आहे. त्याने माझंच का खोडलं?"

आम्ही निवाडा दिला नाही. "हे चर्चेच्या पानावर लिही," एवढेच म्हणालो.

चार दिवस ती चर्चा चालली. तारीख खूप ठिकाणी होती, पण ती कोणत्या कागदावरून आली, हे मुलांना कुठेच सापडले नाही. शोधता शोधता त्या मुलीच्या हाती सावित्रीबाई फुले यांचे समग्र वाङ्मय लागले. आजारपणामुळे माहेरी नायगावला असताना सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भाव त्यात आहे. मुलीने लेखाची सुरुवातच या पत्राने केली आणि जन्मतारखेपुढे स्वतः लिहिले, 'असे सांगितले जाते.' खोडणाऱ्या मुलाने चर्चेत लिहिले, 'आता हे कोणी खोडू शकणार नाही.'

आम्ही ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. ज्या बाईंचा आपल्याला अभिमान आहे, त्यांच्याविषयी एक कच्ची ओळ लिहिली, तर उद्या कोणीही तीच ओळ हातात धरून म्हणेल की अशी बाई झालीच नाही. प्रेमापोटी लिहिलेल्यालाही पुरावा लागतो, हे एवढे साधे शिकवणे आम्हाला फळ्यावर जमले नव्हते.

आणि मग चूक आम्हीच केली. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला म्हणून बसलो आणि उठलो तेव्हा लेख जवळजवळ नव्याने लिहून झाला होता. भाषा सुरेख झाली. सकाळी मुलांनी इतिहासाचे पान उघडले. खाली त्यांची नावे, वर सलग आमचे नाव. कोणी काही बोलले नाही. शेवटी त्याच मुलीने विचारले, "सर, मग आमचं काय राहिलं?"

तक्त्यावर पाच नावे लिहून घेणाऱ्या मुलांत आणि आमच्यात त्या रात्री काय फरक होता? सुदैवाने विकीत जुने पान परत आणता येते. आम्ही आमचे सारे बदल मागे घेतले आणि कारणाच्या चौकटीत लिहिले, 'लेख मुलांचा आहे.' चुका आम्ही चर्चेच्या पानावर दाखवल्या. घंटा होईपर्यंत त्यांनी जमतील तेवढ्या सुधारल्या, काही राहिल्या.

प्रदर्शनात एका पालकांनी त्यातली एक वेलांटी दाखवली. ती मुलगी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवत म्हणाली, "दुरुस्त करा ना, चाचा. फक्त कारण लिहा."

वर्गात कधी तोंड न उघडणारी तीच ती मुलगी. इतिहासाच्या पानावर तिच्या एकेचाळीस नोंदी आहेत. तक्त्यावर ती पाचांतले एक नाव झाली असती.